अटेंडन्स : २१३०

कोलंबिया विद्यापीठ म्हटलं की मराठी माणसाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या या विद्यापीठात शिकले, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. बाबासाहेब तिथून गेले, त्यानंतर पाच वर्षांनी त्याच आवारात अठरा वर्षांचा एक दांडगा, लाजाळू मुलगा इंजिनिअर व्हायला दाखल झाला. दोन वर्षांत त्याने शिक्षण सोडलं. डिग्री काही मिळाली नाही. पण कोलंबियाच्या बेसबॉल टीमचा विषय निघाला की आजही पहिलं नाव त्याचंच येतं, आणि डॉक्टरांच्या पुस्तकात एका भयंकर आजारालाही त्याचंच नाव आहे. त्याचं नाव लू गेहरिग.

आपल्या कॉलेजात बेसबॉल कुणी खेळत नाही. ग्राउंडवर क्रिकेट, व्हॉलीबॉल आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नुसत्या चकरा, एवढंच चालतं. म्हणून आधी जरा नियम सांगून टाकते. बेसबॉलमध्ये बोलरला पिचर म्हणतात, तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, याला स्ट्राइकआउट म्हणायचं. मैदानात चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू मारून सगळे बेस फिरून परत आलं की एक रन. चेंडू थेट कुंपणाबाहेर गेला की होम रन, मग पळायची घाई नाही. तिन्ही बेसवर आपली माणसं उभी असताना होम रन बसला तर एका फटक्यात चार रन मिळतात, तो ग्रँड स्लॅम. आणि ॲव्हरेज क्रिकेटसारखं नसतं. दहा वेळा बॅट धरून तीनदा हिट बसली तर ०.३००. आपल्या भाषेत ०.३०० म्हणजे फर्स्ट क्लास आणि ०.४०० म्हणजे डिस्टिंक्शन. एवढं पुरे.

लूचा जन्म १९ जून १९०३ चा, न्यूयॉर्कमधल्या यॉर्कव्हिल या जर्मन वस्तीतला. आईवडील जर्मनीहून पोटासाठी आलेले. चार मुलं झाली, त्यातला एकटा लू जगला. वडील हेन्रिक पत्र्याचं काम करायचे, पण काम कधी असायचं, कधी नसायचं. दारू आणि आजारपण यांमुळे बरेचदा नसायचंच. घर चालवलं ते आईने, क्रिस्टिनाने. तिने दुसऱ्यांकडे कपडे धुतले, स्वयंपाक केला, मोलकरणीची कामं केली. तीन मुलं गमावलेल्या आईने चौथ्याला कसं जपलं असेल हे वेगळं सांगायला नको. तिचं एकच स्वप्न होतं, मुलाने शिकून इंजिनिअर व्हावं. हे वाचताना मला वाटलं की ही बाई जर्मन कसली, ही आपल्याकडचीच कुणीतरी. आपल्या हॉस्टेलच्या निम्म्या खोल्या अशाच स्वप्नांवर भरलेल्या आहेत.

मुलाचं मात्र अंग खेळाचं होतं. २६ जून १९२० ला त्याची शाळा, न्यूयॉर्कची हायस्कूल ऑफ कॉमर्स, सामना खेळायला शिकागोला गेली. मैदान साधंसुधं नव्हतं, शिकागो कब्ज या व्यावसायिक टीमचं होतं. दहा हजारांवर लोक बघायला आले होते. कॉमर्स ८-६ अशी पुढे होती. नवव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना सतरा वर्षांच्या लूने ग्रँड स्लॅम मारला आणि चेंडू थेट मैदानाबाहेर गेला. शाळकरी पोराने एवढ्या मोठ्या मैदानाबाहेर चेंडू घालवला म्हटल्यावर वर्तमानपत्रात नाव आलंच.

मग कोलंबिया. गंमत म्हणजे स्कॉलरशिप मिळाली ती फुटबॉलची, अमेरिकन फुटबॉलची. तिथे फ्रॅटर्निटी नावाचा प्रकार असतो. हॉस्टेल आणि मित्रमंडळ यांचं मिश्रण म्हणा. पैसेवाल्या घरची मुलं तिथे राहायची. अशाच एका घरात, सिग्मा नू असं त्याचं नाव, क्रिस्टिना स्वयंपाकीण होती आणि हेन्रिक झाडलोट, दुरुस्ती बघायचे. लू तिथे ताटं वाढायला मदत करायचा. म्हणजे ज्यांच्याबरोबर सकाळी वर्गात बसायचं, त्यांनाच रात्री वाढायचं. आपल्या मेसवर आपल्याच बॅचचा मुलगा वाढायला उभा आहे असं क्षणभर डोळ्यांसमोर आणा. लूबद्दल लिहिणारे सगळे सांगतात की तो आयुष्यभर बुजरा राहिला. मला त्याचं मूळ याच जेवणघरात दिसतं.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच एक भानगड झाली. १९२१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क जायंट्सचा प्रसिद्ध मॅनेजर जॉन मॅग्रॉ याने त्याला सुचवलं की हार्टफर्डच्या व्यावसायिक टीमकडून टोपणनावाने खेळ, कोण बघतंय! लू खेळला, बारा सामने. कोलंबियाला पत्ता लागला. पैसे घेऊन खेळलेल्याला कॉलेजच्या टीममधून खेळता येत नाही हा तिथला कडक नियम. कोलंबियाचा कोच अँडी कोकली स्वतः जुना व्यावसायिक पिचर, त्याला हे धंदे चांगले ठाऊक होते. शेवटी पहिलं पूर्ण वर्ष लूला कॉलेजच्या सर्व खेळांतून बंदी यावर निभावलं. खरं तर हे कोलंबियाला नवीन नव्हतं. याच टीमचा एडी कॉलिन्स १९०६ मध्ये सलिव्हन या खोट्या नावाने फिलाडेल्फियाकडून खेळला होता आणि शेवटच्या वर्षी कॉलेजकडून खेळायला मुकला होता. त्याने डिग्री मात्र १९०७ ला पूर्ण केली आणि पुढे तो बेसबॉलच्या सर्वांत मोठ्या खेळाडूंत गणला गेला. थोडक्यात, आपण प्रॉक्सी मारतो तशी ही उलटी प्रॉक्सी. हजर आपण, नाव दुसऱ्याचं.

बंदी उठल्यावर १९२२ मध्ये लू फुटबॉल खेळला आणि १९२३ च्या वसंतात अखेर बेसबॉल टीममध्ये आला. त्या एका सीझनवर कोलंबिया शंभर वर्षं अभिमान बाळगून आहे. तो डावखुरा होता, पिचिंगही करायचा आणि पहिल्या बेसवरही उभा राहायचा. ॲव्हरेज ०.४४४ आणि होम रन सात. त्यातला एक दिवस तर सिनेमात दाखवला तर खोटा वाटेल. १८ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नवं कोरं यांकी स्टेडियम उघडलं आणि बेब रूथने त्यात पहिला होम रन मारला. सगळं शहर तिकडे लोटलं होतं. त्याच दुपारी कोलंबियाच्या साउथ फील्डवर लू गेहरिग विल्यम्स कॉलेजविरुद्ध पिचिंग करत होता. पुऱ्या सामन्यात समोरच्या टीमचे २७ आउट काढावे लागतात, त्यातले १७ एकट्या लूने स्ट्राइकआउट केले. कोलंबियाचा तो विक्रम ठरला. आणि सामना? सामना कोलंबिया हरली, ५-१. इंजिनिअरिंगला असलेल्या कुणालाही हा अनुभव समजावून सांगायला नको. जर्नल अप-टू-डेट, सबमिशन वेळेवर आणि पेपर मात्र गेला.

प्रेक्षकांत यांकीज टीमचा पॉल क्रिचेल नावाचा माणूस होता. चांगले खेळाडू हुडकणं हीच त्याची नोकरी. त्याला लूच्या पिचिंगचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्याची नजर बॅटवर होती. दहा दिवसांनी, २८ एप्रिलला, साउथ फील्डवर लूने एक चेंडू असा हाणला की तो मैदान ओलांडून ११६ वा रस्ता आणि ब्रॉडवे यांच्या चौकात पडला. अंतर ४५० फूट, म्हणजे जवळजवळ १३७ मीटर. क्रिकेटमध्ये शंभर मीटरच्या सिक्सरला आपण टीव्हीवर चार वेळा रिप्ले बघतो, तेव्हा हिशेब करा. आता त्या साउथ फील्डवर हिरवळ आणि १९३४ मध्ये उघडलेली बटलर लायब्ररी आहे. क्रिचेलने यांकीजना कळवलं की दुसरा बेब रूथ सापडला आहे. सही करायचे १५०० डॉलर देऊ केले गेले.

इथे मी वाचताना थांबले. त्या वेळी आई आजारी, वडिलांच्या ऑपरेशनचा खर्च समोर. १५०० डॉलर म्हणजे त्या घरासाठी डोंगराएवढी रक्कम. एका बाजूला इंजिनिअरिंगची उरलेली वर्षं, दुसऱ्या बाजूला रोख पैसे. लूने सही केली. क्रिस्टिनाचा जीव तुटला. जिने लोकांची धुणी धुवून मुलाला कोलंबियापर्यंत पोचवलं, तिच्या दृष्टीने बॉल-बॅट हा काही धंदाच नव्हता. आज आपण म्हणतो की बरं झालं त्याने कॉलेज सोडलं, नाहीतर न्यूयॉर्कला एक इंजिनिअर जास्त मिळाला असता आणि बेसबॉलला गेहरिग मिळाला नसता. पण हे आपण शेवट माहीत असताना म्हणतो. १९२३ मध्ये त्या माउलीला काय माहीत? मला तरी तिची बाजू चूक वाटत नाही. "पॅशन फॉलो करा" असं गेस्ट लेक्चरला येणारे सांगतात, ते लूला लागू नाही. तो पॅशनसाठी गेला नाही, दवाखान्याच्या बिलासाठी गेला.

दोन वर्षं बहुतेक काळ हार्टफर्डलाच तयारीत गेली, या वेळी स्वतःच्या नावाने. १ जून १९२५ ला त्याला यांकीजकडून एका बदली बॅटरच्या जागी उतरवलं. दुसऱ्या दिवशी, २ जूनला, नेहमीचा पहिल्या बेसवाला वॉली पिप याला विश्रांती दिली आणि तिथे लूला उभं केलं. पिपला ती जागा परत कधीच मिळाली नाही. त्यानंतर लू गेहरिग रोज खेळला. रोज म्हणजे रोज. ३० एप्रिल १९३९ पर्यंत जवळजवळ चौदा वर्षं एकही सामना न चुकवता, सलग २१३० सामने. वाफेच्या इंजिनाला तिकडे लोखंडी घोडा म्हणायचे, लोकांनी तेच नाव लूला दिलं, आयर्न हॉर्स.

आपल्याकडे ७५ टक्के अटेंडन्ससाठी मेडिकल सर्टिफिकेट शोधत फिरणारी जमात आहे. त्यांच्यासाठी हा आकडा नुसता वाचणंही कष्टाचं आहे. क्रिकेटशी तुलना करायची तर आपले सुनील गावस्कर सलग १०६ कसोटी सामने खेळले. कसोटी पाच दिवसांची असते, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवणं बरोबर नाही, हे मान्य. पण दोघांची जात एकच, रोज सकाळी उठून कामाला जाणारी.

आणि हे सगळं धडधाकट असताना झालं असंही नाही. पुढे त्याच्या हातांचे एक्सरे काढले तेव्हा १७ जुनी फ्रॅक्चर्स दिसली, आपोआप जुळलेली. बोटं मोडत होती आणि हा खेळत होता. लग्नसुद्धा याने सुट्टी न घेता केलं. २९ सप्टेंबर १९३३ ला न्यू रॉशेल गावच्या मेयरने घरी येऊन लू आणि एलेनॉर ट्विचेल यांचं लग्न लावलं आणि नवरदेव तिथून निघून थेट स्टेडियमवर सामना खेळायला गेला. आई या लग्नावर खूश नव्हती हे सांगायची गरज नाही. एकुलता एक मुलगा तिशीपर्यंत आईजवळ राहिला की पुढे काय होतं ते आपल्या सीरियलवाल्यांना विचारा.

पण खरं तेच लिहायचं तर या २१३० मध्येही एक जुगाड आहे. १३ जुलै १९३४ ला लूची कंबर एवढी धरली की त्याला उचलून न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव यादीत शॉर्टस्टॉप या भलत्याच जागी आणि बॅटिंगला सगळ्यात पहिलं घातलं. लू आला, एक हिट मारली, आणि लगेच बदली माणूस देऊन मैदानाबाहेर. हजेरी लागली, पोरगं पसार. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर जे चालतं तेच. काही लोक यावरून नाक मुरडतात. मला उलट बरं वाटतं. अगदीच देव असता तर त्याच्यावर लिहावंसं वाटलं नसतं. आणि त्या दुखऱ्या कंबरेने बाहेर जाण्याआधी हिट मारलीच की.

नुसत्या हजेरीवर कुणी मोठं होत नाही. १९२७ मध्ये बेब रूथने ६० होम रन मारले, सगळं जग त्याच्यामागे होतं. त्याच वर्षी लूने ४७ होम रन आणि ०.३७३ ॲव्हरेज काढलं आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला, तरी फोटो रूथचेच. ३ जून १९३२ ला फिलाडेल्फियात एकाच सामन्यात चार होम रन मारले. त्याच दिवशी त्या टोपणनाववाल्या जॉन मॅग्रॉने राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी मोठी बातमी ती झाली! १९३४ मध्ये ॲव्हरेज, होम रन आणि टीमसाठी मिळवून दिलेले रन या तिन्हींत लीगमध्ये पहिला. एकूण ४९३ होम रन आणि कारकिर्दीचं ॲव्हरेज ०.३४०. त्याचा २३ ग्रँड स्लॅमचा विक्रम २०१३ पर्यंत टिकला. यांकीजबरोबर सहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. १९२९ मध्ये यांकीजनी शर्टावर नंबर घालायला सुरुवात केली, बॅटिंगच्या क्रमाप्रमाणे. रूथला ३, लूला ४. आयुष्यभर तो रूथच्या मागच्या नंबरावर राहिला आणि त्याची त्याने तक्रार केल्याचं दिसत नाही. दोघांचा पुढे अबोला झाला, तो मात्र खेळावरून नाही. क्रिस्टिनाबाईंनी रूथच्या घरातल्या मुलीच्या कपड्यांवरून काहीतरी टोमणा मारला, असं सांगतात. म्हणजे मोठी माणसंही अशीच भांडतात.

१९३८ चा सीझन त्याला जरा जड गेला. ॲव्हरेज ०.२९५, होम रन २९. दुसऱ्या कुणाला हे चाललं असतं. लूच्या बाबतीत मात्र सगळ्यांना काहीतरी बिनसलंय असं वाटू लागलं. १९३९ च्या वसंतात सराव करताना तो अडखळू लागला, पडू लागला. सीझन सुरू झाला आणि २८ वेळा बॅट धरून फक्त चार हिट, ॲव्हरेज ०.१४३. वय ३५. लोक म्हणाले, म्हातारा झाला.

३० एप्रिलच्या सामन्यात पहिल्या बेसवर एक अगदी सोपा आउट झाला. पिचर जॉनी मर्फीने चेंडू उचलून लूकडे टाकला, लूने तो पकडला. शाळेतलं पोरही करेल असं काम. पण मर्फी आणि सोबतचे खेळाडू त्याचं कौतुक करायला लागले. तेव्हा लूला कळलं. टीकेने त्याला काही झालं नसतं, पण सोप्या गोष्टीसाठी मिळालेली शाबासकी त्याला लागली. दोन दिवसांनी, २ मे १९३९ ला, डेट्रॉइटमध्ये तो मॅनेजर जो मॅकार्थीकडे स्वतः गेला आणि टीमच्या भल्यासाठी आपलं नाव काढा म्हणाला. मॅकार्थीने त्याला कधीच काढलं नसतं. लू कॅप्टन होता, तेव्हा स्वतःचं नाव नसलेली यादी अंपायरकडे त्यानेच नेऊन दिली. लाउडस्पीकरवर सांगितल्यावर परक्या गावचे प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिले आणि तो बाकावर बसून रडला. वॉली पिप, ज्याची जागा चौदा वर्षांपूर्वी गेली होती, योगायोगाने त्या दिवशी स्टेडियममध्येच होता. यांकीज २२-२ ने जिंकले.

याच महिन्यात, १७ मेला, कोलंबियाची कॉलेज टीम वेगळ्या कारणाने इतिहासात गेली. अमेरिकेत टीव्हीवर दाखवलेला पहिला बेसबॉल सामना कोणता, तर न्यूयॉर्कच्या बेकर फील्डवरचा कोलंबिया विरुद्ध प्रिन्स्टन. एकच कॅमेरा, एकच समालोचक आणि बघायला शहरात मोजकेच टीव्ही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी विचार करा, एका कॅमेऱ्याने पिचर दाखवायचा की बॅटर, आणि चेंडू उडाला की कुठे वळायचं? कोलंबिया १० इनिंगमध्ये २-१ ने हरली. कोच अजून तोच, अँडी कोकली. पहिला टीव्ही सामना त्याच्या टीमचा झाला, पण तिथून निघालेला त्याचा सगळ्यात मोठा खेळाडू तेव्हा बाकावर बसून होता आणि आपल्याला काय झालंय हे त्याला माहीत नव्हतं.

ते कळलं जूनमध्ये. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये सहा दिवस तपासण्या झाल्या आणि १९ जून १९३९ ला, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, निदान हातात आलं : एएलएस, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. आपल्या भाषेत सांगायचं तर मोटर ठीक आहे, कंट्रोलरही ठीक आहे, मधली वायरिंग जळत चालली आहे. मेंदू आणि मणक्यातून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी मरत जातात. हात, पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. बुद्धी बहुतेक वेळा शाबूत राहते, माणूस सगळं बघत असतो. तेव्हा औषध नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी चेंडू १३७ मीटर उडवणाऱ्या हातांना शर्टाचं बटण लावता येईना, अशी ही अवस्था असते.

४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियमवर त्याच्यासाठी समारंभ झाला. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, ६१,८०८ प्रेक्षकांसमोर. त्याचा ४ नंबर कायमचा निवृत्त केला गेला. मोठ्या लीगमध्ये असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. लूला बोलायचंच नव्हतं, माइकसमोर उभं राहणं हीच त्याला शिक्षा. लोकांनी सोडलं नाही तेव्हा तो कागद न घेता थोडकं बोलला. आजाराला त्याने जेमतेम स्पर्श केला आणि स्वतःला नशीबवान म्हणवून घेतलं. मग एकेकाचे आभार : मॅनेजर, सोबतचे खेळाडू, मैदान झाडणारे, बायको. अगदी सासूसुद्धा, ती भांडणात मुलीऐवजी जावयाची बाजू घेते म्हणून. आणि आईवडील, ज्यांनी आपल्याला शिकता यावं म्हणून जन्मभर राबून काढलं. अर्धवट राहिलेलं कोलंबिया त्या दिवशी तिथे असं आलं. त्या भाषणाचं पूर्ण रेकॉर्डिंग उरलेलं नाही, न्यूजरीलमधली चार-पाच वाक्यंच आज ऐकायला मिळतात. नंतर रूथ पुढे आला आणि त्याने लूला मिठी मारली. अबोला तिथे संपला.

यानंतर लूने काय केलं ते कमी लोकांना ठाऊक असतं. त्याच्या नावावर पैसा कमवायला बरेच जण टपले होते. त्याने न्यूयॉर्कचा मेयर ला गार्डिया याने देऊ केलेली पॅरोल कमिशनरची सरकारी नोकरी घेतली, वर्षाला ५७०० डॉलर. कैद्यांच्या फायली वाचायच्या, त्यांना भेटायचं, कुणाला लवकर सोडता येईल ते ठरवायचं. जानेवारी १९४० पासून तो रोज ऑफिसला जायचा. तुरुंगांना भेटी द्यायचा, पण वर्तमानपत्रवाल्यांना बरोबर घ्यायचा नाही. हात चालेनासे झाले तेव्हा एलेनॉर सही करायला त्याचा हात धरायची. मरणाच्या साधारण महिनाभर आधी त्याने काम सोडलं, म्हणजे तिथलीही हजेरी जमेल तेवढी पूर्ण केली. २ जून १९४१ ला रात्री घरी त्याचं निधन झालं. पिपच्या जागी उभा राहिल्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षं झाली होती. वय ३७. एलेनॉर १९८४ पर्यंत जगली, तिने दुसरं लग्न केलं नाही.

२१३० चा आकडा ५६ वर्षं कुणाला ओलांडता आला नाही. ६ सप्टेंबर १९९५ ला बाल्टिमोरच्या कॅल रिपकेनने तो ओलांडला आणि पुढे २६३२ वर नेऊन ठेवला. कोलंबियाची टीमही नुसती जुन्या आठवणींवर जगत नाही, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं तिने आयव्ही लीगचं विजेतेपद मिळवलं.

आजाराचं काय? आपल्याला तो ओळखीचा आहे तो स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे. १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी त्यांना हे निदान मिळालं आणि तरी ते २०१८ पर्यंत जगले. असं फार क्वचित घडतं. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईला आले होते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. २०१४ मध्ये बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायचं खूळ जगभर पसरलं, ते याच आजारासाठी होतं. ते पसरवण्यात पुढे होता पीट फ्रेट्स, बॉस्टन कॉलेजच्या बेसबॉल टीमचा माजी कॅप्टन. पुन्हा एक कॉलेजचा खेळाडू, पुन्हा तोच आजार, निदान २०१२ चं. अमेरिकेतल्या एएलएस संघटनेला त्या उन्हाळ्यात ११.५ कोटी डॉलर मिळाले आणि त्यातल्या पैशांवर झालेल्या संशोधनातून २०१६ मध्ये आजाराशी संबंधित एक जनुक हाती लागलं. पीट डिसेंबर २०१९ मध्ये गेला, वय ३४. २०२३ मध्ये एएलएसच्या एका आनुवंशिक प्रकारावर नवं औषध अमेरिकेत मंजूर झालं. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही.

२०२१ पासून दरवर्षी २ जूनला अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या टीम लू गेहरिग दिवस पाळतात. त्या दिवशी मैदानात जे चिन्ह दिसतं त्यावर ‘४-एएलएस’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत वाचा, म्हणजे ‘फोर’ मध्ये ‘साठी’ पण ऐकू येईल.